जूनची कोथिंबीर

टोमॅटो पिकतो तेव्हा कोथिंबीर नसते. ऑस्टिनमध्ये परसात साल्साचे वाफे करणाऱ्या कुणालाही विचारा, कांद्या-मिरचीबद्दल तो कुरकुरणार नाही. इथला '1015' कांदा तर पेरणीची तारीख नावातच घेऊन फिरतो: 15 ऑक्टोबर. हालापेन्योला ऊन मानवतं, पाणी थोडं तोडलं की तिखटपणा उलट चढतो. घोडं अडतं ते कोथिंबिरीपाशी. मार्चच्या मध्यावर लावलेला टोमॅटो मेअखेर रंग धरतो, आणि तोवर कोथिंबीर फुलावर येऊन मोकळी झालेली असते.

उपाय सगळे झाले. उशिरा फुलणारं 'सँटो' वाण आणलं; आठ-पंधरा दिवसांची सवलत मिळाली, बस. टोमॅटोच्या आडोशाला लावली, वर हिरवी जाळी बांधली, मुळाशी पालापाचोळा पसरला. थोड्या थोड्या दिवसांनी नवा वाफा टाकला, तर मेमधली रोपं चार पानांवरच उंच व्हायला निघाली. शेंडे खुडणाऱ्यांनी खुडावेत. एकदा आतून ठरलं की ती ऐकत नाही. आणि ठरलेलं आधी कळतं. मधलं नवं पान शेपूसारखं बारीक चिरलेलं निघतं, दांडा बोटांना टणक लागतो, खालची रुंद पानं तांबूस पडतात. दिवस लांबले आणि माती तापली, एवढंच कारण. त्याच सुमाराला रात्रीही 75 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरेनाशा होतात आणि टोमॅटोची फुलं गळायला लागतात. म्हणजे दोघांचं जमावं असे दिवस उन्हाळ्यात हाताला लागतच नाहीत.

शेजारच्या सेन्योरा मेक्सिकोतल्या प्वेब्लाच्या. त्या म्हणतात, आमच्याकडे दोन्ही एकाच वेळी असायचं. असणारच. प्वेब्ला शहर 2,100 मीटरच्या वर आहे. तिथल्या उन्हाळ्याला टेक्सासची सर नाही. टोमॅटो आणि मिरची त्या मुलखात आधीपासूनची, कोथिंबीर स्पॅनिश लोकांनी मागाहून नेलेली, पण डोंगरावर तिघांचा संसार झाला. आम्ही तोच संसार सखल, तापलेल्या जमिनीवर मांडतो. सेन्योरा उन्हाळ्यात पापालो लावतात. उष्णता सोसणारा पाला आहे, वास मात्र असा की एक पान जास्त झालं तर बाकी काही कळू नये. मला तो झेपत नाही.

माझं माहेर नारायणगावकडचं. टोमॅटोच्या बाबतीत मी कुणाकडून शिकायला तयार नसते, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. 4 जुलैला पाहुणे येतात तेव्हा 'सगळं परसातलं' असं मी जरा मोठ्यानेच म्हणते. लिंबू मी हिशेबात धरत नाही. 2021च्या फेब्रुवारीतल्या गोठणीने झाड नेलं. कोथिंबीर मात्र हिशेबात धरते, आणि दुकानातून आणलेल्या जुडीची तार पाहुणे यायच्या आत कचऱ्याच्या तळाशी घालते. बरणीतला साल्सा घेऊन येणाऱ्यांना नावं ठेवायचा हक्क मी असा राखलाय. मिक्सरवाल्यांना तर ठेवतेच. टोमॅटोचा फेस होतो, रंग गुलाबी पडतो, आणि वर साखर!

यंदा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि वाफे सूनबाईकडे गेले. फुलावर आलेली कोथिंबीर मी उपटून टाकत असे. तिने ठेवली.

"आई, राहू द्या ना, मधमाश्या येतायत."

जूनमध्ये त्या पांढऱ्या छत्र्यांवर हिरवे दाणे धरले, वाटाण्याहून पुष्कळ लहान, गच्च. तिने मूठभर तोडले आणि मोल्काहेतेत, म्हणजे दगडी खलात, घातले, खडेमिठासोबत, मिरची-लसणाच्या आधी. आधी हे महत्त्वाचं. पानाला दगड सोसत नाही, वाटलं की काळं पडतं. दाण्याला दगडच लागतो. मीठ त्याला निसटू देत नाही. मग कोमालवर, म्हणजे तव्यावर, करपवलेल्या मिरच्या, लसूण, शेवटी टोमॅटो. वास कोथिंबिरीचाच येत होता, मागे संत्र्याच्या सालीची चुणूक. मी "बरं झालंय" म्हटलं. माझ्याकडून एवढं पुष्कळ, हे तिला कळतं.

तरी पान ते पान. दाणा चवीत मुरतो. पान दाताखाली येतं तेव्हा गार लागतं, ते दाण्याला जमत नाही. खरी गाठ पडते शरदात. जुलैत लावलेल्या दुसऱ्या टोमॅटोला ऑक्टोबर-नोव्हेंबरात फळ असतं आणि सप्टेंबरअखेर टाकलेली कोथिंबीर तेव्हा कोवळी असते. पहिलं दहिवर गोठेपर्यंत काय ते थोडे आठवडे. तेवढ्यासाठी माणसाने वर्षभर थांबावं, असं माझं मत. सूनबाई म्हणते, फेब्रुवारीचा अख्खा वाफा दाण्यासाठीच पेरू, विरळ, म्हणजे फांद्या फुटतील. तिला निम्मा दिलाय, उन्हाकडचा.