पुढल्या चाकाची तक्रार

गेल्या उन्हाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध दांपत्यास त्यांच्या नातवाच्या स्नानसंस्कारासाठी हैदराबादेतील कुकटपल्ली येथे घेऊन जाण्याचा योग आला. गाडी धर्मग्रामाची, चालविणारे आम्ही. त्या गाडीच्या पुढल्या भागातून महिनाभर खडखडाट ऐकू येत होता, आणि त्याचे खापर आम्ही धर्मग्रामातील एका तरुणाच्या माथी फोडून मोकळे झालो होतो. एका रात्री अडलेल्या बाळंतिणीला इस्पितळात पोचविताना त्याच्या हातून गाडी खड्ड्यात आदळली. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन तसे सांगितले, आणि त्या दिवसापासून गाडीची किल्ली काही त्याच्या हाती पडली नाही. चारचौघांदेखत आम्ही त्याला बोललो. तो मान खाली घालून उभा राहिला.

पुढे आम्ही गाडी एका गॅरेजात नेली आणि पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर बदलून घेतले. गॅरेजवाल्याने फसविले असे म्हणवत नाही. 'शॉकॲब्सॉर्बर गेले आहेत' हा निवाडा आम्हीच देऊन ठेवला होता, त्याने फक्त अंमल केला. दोन-चार दिवस आवाज गेल्यासारखा वाटला. मग तो पुन्हा हजर!

सोलापूरहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर. उमरगा, हुमनाबाद, जहिराबाद असा तो हमरस्ता आहे. प्रत्येक गतिरोधकावर गाडी खडखडे आणि मागल्या आसनावरची आजी म्हणे, "फादर, गाडी लई कण्हतीय." संगारेड्डी मागे पडेपर्यंत ब्रेक लावताच एक जड 'धप्प' असा आवाजही येऊ लागला. कुकटपल्लीस मेट्रोच्या खांबांखालून कसेबसे मुक्कामी पोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्याच एका मिस्त्रीकडे गाडी नेली.

त्याने पान्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारले. पापनिवेदनाच्या वेळी आम्हीही इतके नेमके विचारीत नसू. आवाज कधी येतो, सरळ जाताना की वळताना? लहान खडीवर की मोठ्या खड्ड्यात? ब्रेक लावल्यावर? गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरविले तर? आम्ही 'शॉकॲब्सॉर्बर' हा शब्द उच्चारताच तो हसला. "नक्को साब, शॉकां तो नवे हैं." हैदराबादी बोलीतला हा 'नक्को' आपल्या मराठी 'नको'चाच सोयरा, तेव्हा अर्थ लगेच कळला.

आजच्या बहुतेक लहान गाड्यांच्या पुढल्या चाकांची रचना अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४०च्या दशकात सिद्ध केली. १९८३ साली आलेल्या मारुती ८००लाही तीच होती. स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून एक उभा खांब. त्याचे वरचे टोक रबर व बेअरिंगमधून गाडीच्या सांगाड्याला, खालचे चाकाच्या खुंट्याला. त्या खुंट्याला खालून धरून ठेवतो तो लोअर आर्म: एका टोकास रबरी बुश, दुसऱ्यास बॉल जॉइंट. आपल्या खुब्यात जसा वाटोळा गोळा खोबणीत फिरतो, तसाच हा सांधा. याशिवाय वळणावर गाडी कलू नये म्हणून एक आडवा दांडा असतो आणि दोन्ही बाजूंस त्याच्या बारीक लिंका.

मिस्त्रीने प्रथम बॉनेटचा एकेक कोपरा दाबून सोडला. गाडी एकदाच वर येऊन स्थिरावली; म्हणजे शॉकॲब्सॉर्बर धड. मग आम्हांस स्टिअरिंग फिरवायला सांगून त्याने स्प्रिंगवर तळहात ठेवला. वरचे बेअरिंग अडकत असेल तर स्प्रिंग पीळ खाऊन झटक्याने सुटते. तसे काही घडले नाही. नंतर त्याने दोन्ही लिंका काढूनच ठेवल्या आणि आम्हांस शेजारी बसवून हळूहळू एक फेरी मारली. खडखड थांबली! आम्ही आनंदलो, पण तो नाही. ब्रेक लावताच तो जड 'धप्प' अजूनही येत होता.

गाडी उचलून, खाली टेकू देऊन त्याने आर्म आणि खुंटा यांच्यामध्ये लोखंडी टॉमी घातली व अलगद उचकली. डाव्या बाजूचा बॉल जॉइंट डोळ्यांदेखत खालीवर हलला. त्याची रबरी टोपी फाटली होती. ग्रीस निघून जाऊन आत धूळपाणी शिरले होते. आर्मचा बुशही चिरलेला होता. हा गोळा खोबणीतून निसटला तर चाक बाहेर कलंडते, गाडी त्या अंगाने रस्त्यावर बसते आणि स्टिअरिंग हाती असून नसल्यासारखे होते. मागल्या आसनावर त्या दोघांना बसवून आम्ही हमरस्त्यावर वेगात आलो होतो. ऊन असूनही अंगावर काटा आला.

नवा आर्म बॉल जॉइंटसकट बसला, लिंकाही नव्या आल्या. बुशाचे बोल्ट मात्र त्याने गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावरच पक्के आवळले. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून आणावयास सांगितले. आम्ही विचारले, "ही टोपी खड्ड्यात आदळून फाटली असेल का?" त्याने ती चुरगळून दाखविली. रबर जुने होऊन तडकले होते. गाडी धुताना कोणी खाली वाकून पाहिले असते तर दिसले असते. गाडी आम्हीच धुतो.

रविवारी स्नानसंस्कार यथासांग पार पडला. परतीच्या वाटेवर आजी उमरग्यापर्यंत झोपली.

गावी येताच आम्ही त्या तरुणाकडे गेलो, त्याच्या आईवडिलांसमोर सगळे सांगितले आणि क्षमा मागितली. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. ती त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "फादर, गेला तो सांधा डावा का उजवा?"

"डावा."

"माझा खड्डा उजवीकडं होता," तो म्हणाला. "त्या दिवशी कुणी विचारलंच नाही."