उद्यमबागेतली गट्टी

बेळगावात खानापूर रस्त्याने टिळकवाडी ओलांडून तिसरे रेल्वे गेट मागे टाकले की उद्यमबाग लागते. फौंड्रीचा धूर, लेथचा आवाज आणि एकाच वाक्यात अर्धी मराठी, अर्धी कन्नड. पावसाळा सरल्यावर बाबांची प्रीमियर पद्मिनी घेऊन मी तिथे गेलो. बाबांच्या मागे ही गाडी विकू नको, असे आईचे म्हणणे. याच गाडीतून तिला कणकुंबीला माउलीच्या दर्शनाला जायचे होते.

मिस्त्रींनी गाडी उचलून खालून पाहिली. पद्मिनीला वेगळी चासी नसते, बॉडीचा पत्राच सगळा भार वाहतो. मागचा अ‍ॅक्सल दोन बाजूंच्या कमानपाट्यांवर असतो. त्या पाट्यांची टोके जिथे बॉडीला जोडतात, तिथलाच पत्रा गंजला होता. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आरपार गेला. मागच्या सीटवर आई बसणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला.

मी म्हणालो, "पाच मिलिमीटरची पट्टी ठोका आणि पाट्यात एक पान वाढवा."

"बेड री," मिस्त्री म्हणाले. "जुना पत्रा जेमतेम मिलिमीटरभर. त्यावर एवढी जाड पट्टी लावली तर तिच्या कडेलाच चीर पडणार. पान वाढवले तर पाटे कडक होतात, मग सगळा धक्का बॉडीला."

सामान त्यांनीच निवडले. दोन मिलिमीटरचा पत्रा, कोपरे गोल केलेला, गंज कापून चांगल्या पत्र्यापर्यंत पसरणारा. रबरी बुश नवे. यू-बोल्ट नवेच, कारण एकदा ताणलेले पुन्हा वापरू नयेत. बाकीचे बोल्ट डोक्यावर ८.८ कोरलेले, साधे नव्हेत. दुसऱ्या गाडीचा काढलेला हँगर मी दाखवला, तर त्यांनी नखाने खरवडून परत दिला. पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षे उलटली, तेव्हा तोही आतून तसाच असणार. हँगर त्यांनी शेजारच्या शेडमध्ये नवा करून घेतला. वेल्डिंगआधी पेट्रोलची टाकी उतरवली, बॅटरी सोडली. पाट्यांना मात्र वेल्डिंगची ठिणगीही लागू दिली नाही, तापले तर त्यांचे पाणी उतरते.

शेवटी हातोडीने ठोकून ते म्हणाले, "ईग गट्टी आयतु."

कन्नडमध्ये गट्टी म्हणजे मजबूत, मराठीत गट्टी म्हणजे दोस्ती. जुन्या पत्र्याशी नव्याची दोस्ती जमली, म्हणूनच तो मजबूत झाला. हे आपल्या घरांना वेगळे सांगायला नको.

पुढच्या रविवारी जांबोटीमार्गे कणकुंबीला गेलो. मलप्रभेच्या उगमापाशी गाडी थांबवली. आई मागच्या सीटवरून सावकाश उतरली, टपावर हात ठेवून म्हणाली, "आवाज गेला की रे. त्यांनाच तो कधी सापडला नव्हता."