कळीचा चुना

मौजे वडनेर भोलजीच्या काळ्या रानात नांगराच्या फाळाखाली निघणारे चुनखडीचे खडे बालपणी गोफणीत घालून आम्ही पाखरांवर भिरकावीत असू. त्याच द्रव्याचे मूठभर कण भट्टीत टांगलेल्या तराजूवर तोलण्यात पुढे माझी उमेद खर्च होणार आहे, याची तेव्हा कल्पनाही नव्हती.

हिशेब वरकरणी सरळ आहे. शुद्ध चुनखडकाचे 100 भार भाजले, की 44 भार कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि 56 भार कळीचा चुना शिल्लक राहतो. हाच चुना सुमारे 650 अंशांवर कोळशाच्या धुरातून, आमच्याकडे पारसच्या वीजकेंद्रातून निघतो तशा धुरातून, तो वायू पुन्हा आपल्यात ओढून घेतो आणि 900 अंशांच्या आसपास तापवल्यास परत हवाली करतो. मात्र प्रत्येक फेरीत कण एकमेकांस चिकटतात, रंध्रे बुजतात, आणि नव्याने बनलेला चुनखडक मूळ चुन्याच्या दुपटीहून अधिक जागा व्यापीत असल्यामुळे कण स्वतःभोवतीच कवच घालून आतल्या चुन्याची वाट अडवतो. शेकडो फेऱ्यांनंतर शंभरांतले जेमतेम 7-8 भागच कामास येतात.

आरंभी मी, परिपूर्णतेच्या भ्रमात, खडक अतिशय तापवून दीर्घकाळ भाजीत असे. गावी वाड्याची भिंत दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गवंड्याला हे सांगितले, तेव्हा तो थापी न थांबवता म्हणाला, ‘‘भाऊ, जास्त भाजला त चुना मरते, मंग पानी पाजलं तरी फुलत नाही.’’ कित्येक निबंधांचे सार त्याने अर्ध्या वाक्यात सांगितले होते.

तेव्हापासून मी खडक बेतानेच भाजतो, आणि फेऱ्यांनी थकलेल्या चुन्याला वाफ पाजतो. तो फुगतो, तडकतो, नवी रंध्रे उघडतो. पण असा ठिसूळही होतो, की वाहत्या भट्टीत त्याची भुकटी होऊन धुराबरोबर निघून जावी. म्हणून ॲल्युमिनायुक्त सिमेंटात त्याच्या गोळ्या वळाव्या लागतात, आणि हे सिमेंट स्वतः वायूचा कणही धरीत नाही. नुसते पोसावे लागते! पहिल्या फेरीचे दिपवणारे आकडे मिरवणाऱ्यांना मी, काहीशा खवचटपणेच, पन्नासाव्या फेरीचा आकडा विचारतो.

अलीकडे शेतातले ते खडेही भाजून पाहिले. त्यांतल्या चिकणमातीची सिलिका पुष्कळसा चुना आधीच गिळून बसते, त्यामुळे दप्तरातली त्यांची पहिली नोंद फिकी पडली आहे. पन्नासावी फेरी अजून व्हायची आहे.