कचेरीचं काम

आमच्या घरात कचेरीचं काम निघालं की आदल्या रात्रीपासून गडबड असे. आजोबांचं धोतर नीळ घालून वाळत पडलेलं, कोट खुंटीवर, आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओटीवर. तिला हात लावायची आम्हाला मुभा नव्हती. आम्ही म्हणजे चुलत, आते मिळून डझनभर पोरं. गाव उल्हास नदीच्या काठी, कर्जतच्या अलीकडे, आणि निम्म्यांचं आजोळ खालापूर तालुक्यात. आता कोणी बदलापूरला, कोणी डोंबिवलीला. पण दिवाळीला जमलो की गप्पा त्या पेटीवर येतातच.

पेटीत शेतसाऱ्याच्या पावत्या दाभणाने दोऱ्यात ओवून ठेवलेल्या. फेरफाराच्या नकला, रेशनकार्ड, दादांचा शाळा सोडल्याचा दाखला. आणि तळाशी, लाल मंजरपाटात गुंडाळलेलं, ‘बत्तीस-म’चं सर्टिफिकेट. घरात सत्यनारायणाच्या पोथीला जेवढा मान, त्याहून चार बोटं जास्तच मान त्या कागदाला होता.

आजोबा कूळ होते. पंधरा-वीस मण भात पिकायचं, त्यातलं बरंचसं मालकाच्या कणगीत जायचं. 1 एप्रिल 1957 ला कसणारा तो मालक असं कूळकायद्याने ठरलं, पण ठरलं म्हणजे झालं नव्हे. आधी ‘बत्तीस-ग’ची नोटीस, मग जबाब, पंचांच्या साक्षी, मग किंमत ठरायची, ती हप्त्यांनी भरायची आणि शेवटचा हप्ता भरल्यावर ‘बत्तीस-म’ हातात पडायचं. तालुक्यात पुष्कळ कुळं यातल्या कुठल्या ना कुठल्या पायरीवर अडकली. कोणी मालकाच्या भिडेला बळी पडून ‘मला जमीन नको’ असं लिहून दिलं, कोणाला नोटीसच वाचता आली नाही. आजोबांना चौथीपर्यंतची अक्षरं होती, तेवढी पुरली.

हिंमत कुठून आली म्हणाल, तर त्यांनी तरुणपणी भाई कोतवालांना पाहिलं होतं. माथेरानचा हा वकील गरीब शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या काढायचा, म्हणजे पावसाळ्यात सावकाराच्या दारात जायची पाळी येऊ नये. पुढे त्यांचा आझाद दस्ता, विजेचे मनोरे पाडणं, आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर मानिवलीच्या हिराजी पाटलांसह आलेलं मरण, हे सगळं आमच्या घरी इतिहासाच्या पुस्तकाआधी पोचलेलं होतं. आजोबा फार काही सांगत नसत. ‘कागद वाचल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही,’ एवढं मात्र सांगत. आमचे एक काका म्हणत की हे वाक्य भाईंचं. आत्या म्हणते, छे, ते आजोबांचंच. असो.

तर कचेरी. सकाळच्या गाडीने कर्जत गाठायचं, स्टेशनात वडापाव (लालूच हीच; नाहीतर कोण जातंय), मग चालत कचेरी. बाहेर झाडाखाली अर्जनवीस टाइपरायटर मांडून बसलेला. तो आजोबांचं म्हणणं ऐकायचा, मान हलवायचा आणि स्वतःच्या मनातलं मराठी टाइप करायचा: ‘मेहेरबान तहसीलदारसाहेब यांचे सेवेशी, विनंती अर्ज ऐसा जे…’ आजोबा ते मोठ्याने वाचून घेत. कोर्ट फीचा स्टँप पाणी लावून चिकटवायचं काम आमच्यापैकी जो बरोबर असेल त्याचं. आत अव्वल कारकून, नाझर, रेकॉर्डमधल्या लाल फडक्यांच्या गाठोड्यांचा कुबट वास. काम त्या दिवशी व्हायचंच असं नाही. ‘पुढच्या सोमवारी या’ हे ऐकून आजोबा हात जोडत आणि खरोखरच पुढच्या सोमवारी जात. आमच्या पिढीला हा सोशिकपणा वाटतो. मला विचाराल तर तो हट्ट होता.

अपील झालं की अलिबाग. ते तर तीर्थक्षेत्रच. कर्जत पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, 1891 मध्ये ते कुलाबा जिल्ह्याला जोडलं गेलं, आणि तेव्हापासून आमची रेल्वे एका दिशेला धावते आणि सरकार दुसऱ्या दिशेला बसतं. मुंबईला लोकलने सरळ जाता येई. पण जिल्ह्याच्या गावाला जायचं तर खोपोलीची शटल पकडायची, पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी करत खोपोली, तिथून एस.टी.ने पेण, पेणहून पुढे. 1 जानेवारी 1981 ला कुलाब्याचा रायगड झाला. आजोबा शेवटपर्यंत अर्जावर ‘जिल्हा कुलाबा’ सांगत आणि अर्जनवीस मुकाट्याने रायगड टाइप करी.

निवडणुकीचा दिवस मात्र कचेरीच्या उलटा. तेव्हा सरकारच आमच्या गावात यायचं. आदल्या संध्याकाळी पेट्या घेऊन मास्तर मंडळी उतरत, शाळेत मुक्काम, आणि त्यांच्या पिठलं-भाताची सोय आमच्या घरून. 1952 सालचं आजी सांगायची. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिकेवर शिक्का नाही, काही नाही, हवी त्या पेटीत टाकायची. त्या वेळी देशभरात सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली होती, बहुतेक उत्तरेकडली, कारण त्यांनी ‘अमक्याची बायको, तमक्याची आई’ एवढंच सांगितलं होतं. आजीचं नाव यादीत होतं. पंचाईत निराळीच झाली. मास्तरांनी विचारलं, नवऱ्याचं नाव? आजी गप्प. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. मागून कोणीतरी ओरडलं, ‘बाई, उखाणा घ्या!’ आणि तिने घेतला. केंद्रात हशा पिकला, मास्तरांनी यादीवर खूण केली. त्या निवडणुकीत कुलाब्यातून चिंतामणराव देशमुख दिल्लीला गेले, आणि 1956 मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी अर्थमंत्रिपद सोडलं तेव्हा आजी म्हणाली म्हणतात, ‘माझं मत वाया नाही गेलं.’ हे तिने खरंच म्हटलं की दादांनी नंतर घातलं, यावर घरात दोन पक्ष आहेत.

पक्ष तसे घरात आधीपासूनच दोन. आजोबा काँग्रेसच्या बैलजोडीचे, मग गायवासराचे. थोरले काका लाल बावट्याचे, शेकापच्या खटाऱ्याचे. 1977 मध्ये दि. बा. पाटील निवडून आले तेव्हा काकांनी पेढे वाटले, आणि आजोबांनी एक पेढा घेतला, खाल्ला नाही.

निवडणुकीच्या रांगेत एक गोष्ट दिसायची, जी कचेरीत दिसत नसे. डोंगरावरच्या वाड्यांतून ठाकर बायका उतरायच्या, कातकरी कुटुंबं यायची, आणि आमच्या आजीच्या मागे-पुढे उभी राहायची. यादीत सगळ्यांची नावं होती. सातबाऱ्यावर मात्र नव्हती. आम्ही पेटीच्या गोष्टी रंगवून सांगतो खऱ्या, पण ही मौज ज्यांच्या घरी पेटी होती त्यांची. आमच्या खळ्यावर राबणाऱ्या कातकऱ्याकडे कुठली पेटी? जातीचा दाखला हवा तर 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आणा, असं नियम सांगतो. जो दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातो आणि पावसाला परततो, त्याच्या आजोबांच्या वास्तव्याचा कागद कोणी ओवून ठेवला असणार? दादा तलाठ्याकडे अशांची बाजू मांडायला जात, शाळेच्या जुन्या रजिस्टरातली नोंद शोधून काढत. कधी सापडे, बहुतेकदा नाही.

19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात अशाच डोंगरावरच्या एका वाडीवर, इर्शाळवाडीवर, दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता, मदतवाले चिखलातून चढून गेले. किती माणसं गाडली गेली याचे आकडे पुढचे काही दिवस बदलत राहिले. शेवटी 27 मृतदेह मिळाले आणि 57 माणसं बेपत्ताच राहिली. आमच्या मामाचं घर तिथल्याच चौक गावाच्या बाजूला. मामा फोनवर म्हणाला, ‘मतदानाला उतरायची ती माणसं, तोंडओळख होती.’

आता सातबारा मोबाईलवर निघतो, डिजिटल सहीचा. सेवा हमीचा कायदा 2015 चा, त्यात दाखल्यांना मुदती ठरवून दिल्यात. यात वाईट काही नाही. ‘जुनं ते सोनं’ म्हणणाऱ्या आमच्या डोंबिवलीच्या भावाने आजोबांसारख्या पाच सोमवारी चकरा मारून दाखवाव्यात. मतदारसंघही बदलले. 2009 पासून आम्ही मावळात, म्हणजे बोरघाटाच्या वरचे पिंपरी-चिंचवडकर आणि खालचे आम्ही मिळून एक खासदार निवडतो. आजवर तो घाटावरचाच आलाय.

सर्टिफिकेटातल्या त्या जमिनीवर आज वारसांची नावं दोन पानभर आहेत. त्यात आत्यांची आहेत, काकूंची आहेत. आजीचं कधीच लागलं नाही, बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचं लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक 1992 ला निघालं तेव्हा ती जाऊन तीन पावसाळे झाले होते. फार्महाऊसवाल्यांचे एजंट दर शनिवारी येतात. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली वाटपाचा अर्ज द्यायचा असं गेल्या दिवाळीत ठरलं, त्यासाठी सगळ्यांनी एकाच दिवशी तहसीलमध्ये जबाबाला हजर व्हायचं. आत्या ब्याऐंशीची, ती तयार. डोंबिवलीच्या भावाला सोमवारी सुट्टी नाही.