आडनावाच्या रकान्यापुढचा लाल तारा

संगणकाच्या विषयावर लिहायला आम्ही काही इंजिनिअर नाही. बी.एड. आणि उर्दू माध्यमाच्या शाळेतली नोकरी, एवढीच आमची पुंजी. राहतो पोहरादेवीला, वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यात. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे आणि रामनवमीला मोठी यात्रा भरते. घरात उर्दू, बाजारात मराठी, शेजारी गोरबोली आणि मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा इंग्रजी, असा आमचा दिवस जातो. वेबसाइट बनवणारा पडद्याच्या पलीकडे असतो, आम्ही अलीकडे. पण ज्याचे जळते त्यालाच कळते, या न्यायाने आम्हालाही त्यावर बोलायचा हक्क आहे.

वेब डिझाइन म्हटले की लोकांना रंग, सरकती चित्रे आणि गुळगुळीत बटणे आठवतात. आमच्या मते डिझाइनची खरी परीक्षा नाव लिहायच्या रकान्यात होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये तीन चौकटी असतात: नाव, वडिलांचे नाव, आडनाव. शेवटच्या चौकटीपुढे एक छोटा लाल तारा असतो. म्हणजे ती भरल्याशिवाय गाडी पुढे जाणार नाही.

आता आमच्या विदर्भातली मुसलमानांची नावे पाहा. समजा, मुलाचे नाव आयान, बापाचे सलीम आणि घराणे शेख. इथे पूर्ण नाव होते 'शेख आयान शेख सलीम'. शेख दोनदा येतो आणि दोन्ही वेळा पुढे येतो. हे नाव तीन चौकटींत कसे बसवायचे? एक ऑपरेटर लिहितो 'आयान सलीम शेख'. दुसरा पहिल्या चौकटीत 'शेख आयान' आणि शेवटच्या चौकटीत 'सलीम' लिहितो. इंग्रजीत उतरताना शेखची स्पेलिंगे चार प्रकारची होतात. आईचे नाव 'शबाना बी' असेल तर 'बी' हेच आडनाव ठरते! शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकात तिसरे. माणसाला ते एकच पोर दिसते, यंत्राला मात्र तीन वेगवेगळी पोरे दिसतात.

हा केवळ गमतीचा विषय असता तर आम्ही कागद खराब केला नसता. आमच्या वर्गातल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अशाच कारणाने परत आला. सोयाबीन काढणीचे दिवस होते. तिची आई दोन दिवसांची मजुरी बुडवून आधी शाळेत, मग सेवा केंद्रात, मग तालुक्याला प्रतिज्ञापत्रासाठी फिरली. शेवटी तिने आम्हाला विचारले, "सर, पोट्टी का नाम तो एकच है ना? फिर ये मशीन कायको नई मानती?" आमच्याकडे उत्तर नव्हते. कागद जमले तोवर मुदत संपली होती. रक्कम मोठी नव्हती, पण त्या घरात तिचा हिशेब आधीच झाला होता. वह्या, चपला आणि थोडी उधारी.

यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. फॉर्म बनवणाऱ्या तरुणाने स्वतःचे नाव डोळ्यांपुढे ठेवले असेल आणि ते तीन चौकटींत चपखल बसले असेल. पण त्याच्या गृहीतकाचा दंड एका मजूर बाईने भरला. खरे तर यावरचा उपाय जुनाच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने जगभरच्या नावांबद्दल एक मार्गदर्शक लेख प्रसिद्ध केलेला आहे. त्याचे सार असे, की तुकड्यांची खरोखर गरज नसेल तर पूर्ण नावासाठी एकच लांब चौकट द्या. दक्षिण भारतात अनेकांना आडनाव नसते, बापाच्या नावाचे आद्याक्षर असते. इंडोनेशियात कित्येकांचे नाव एकाच शब्दाचे असते. म्हणजे अडचण एकट्या शेखांची नाही.

नावाची जी गत, तीच लिपीची. उर्दू नस्तालीक लिपीत लिहिली जाते. तिची अक्षरे ओळीवर सरळ उभी राहत नाहीत, उजवीकडून डावीकडे तिरपी उतरत येतात. १९८१ साली मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकने हा हात यंत्रात आणला, त्यासाठी हजारो जोडतुकडे एकेक करून लिहावे लागले. १९९४ च्या सुमारास भारतातच तयार झालेले इनपेज आले आणि उर्दू छापखान्यांचे काम सोपे झाले. पण त्यातला मजकूर वेबवर जसाच्या तसा चढत नसे. म्हणून कितीतरी उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे पानांची चित्रे करून वेबसाइटवर टाकत राहिली. चित्रातला शब्द शोधता येत नाही, नक्कल करता येत नाही, अंध वाचकाला ऐकता येत नाही. मराठीनेही तेच दुःख भोगले आहे. प्रत्येक साइटचा फॉन्ट वेगळा, तो उतरवून घेतला नाही तर पडद्यावर अगम्य चिन्हांची रांगोळी. युनिकोडने दोघींची सुटका केली.

उजवीकडून डावीकडे लिहायची सोय तर १९९७ सालच्या एचटीएमएलच्या चौथ्या आवृत्तीतच आली होती. गूगलचा नोटो नस्तालीक फॉन्ट २०१४ साली मोफत मिळू लागला. तरी आजही एखाद्या पानावर उर्दू वाक्याचा पूर्णविराम भलत्याच टोकाला जाऊन बसलेला दिसतो आणि कंस उलटे तोंड करून उभे राहतात. सोय असते, पण ती वापरायची आठवण कोणाला होत नाही.

आमचे काही सहकारी म्हणतात, आजची पोरे आळशी झाली, उर्दूही रोमनमध्ये लिहितात आणि मराठीही. आम्हाला हा आरोप अर्धाच पटतो. ज्या काळात ही सवय लागली तेव्हा साध्या मोबाइलवर उर्दू अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत. पोरांनी वाट काढली, पुढे वाटेचा रस्ता झाला. ज्याला आपण इंटरनेटची संस्कृती म्हणतो, तिच्यातला मोठा भाग असा कोणीतरी न केलेल्या सोयीतून जन्मलेला असतो.

शेजारच्या बंजारा मित्रांचे दुखणे थोडे वेगळे आहे. राठोड, चव्हाण, पवार, जाधव ही आडनावे चौकटीत अगदी नीट बसतात. बसत नाही ती भाषा. मातृभाषेच्या यादीत बोट खाली सरकवत जावे, तर गोरबोली बहुधा सापडतच नाही. २०११ च्या जनगणनेत ३२ लाखांवर लोकांनी लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगितली, पण तक्त्यात तिला हिंदीच्या गटाखाली जागा मिळाली. आमच्याकडे ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. एक भाषा तीन लिप्यांत वावरते आणि यादीत मात्र तिचे नाव नसते. आम्ही आडनावासाठी अडतो, ते भाषेसाठी. दोघेही शेवटी 'इतर' या पर्यायावर बोट ठेवतो.

आम्हाला झगमगती वेबसाइट नको. कमी वजनाचे पान हवे, म्हणजे गावातल्या अशक्त नेटवर्कवर ते उघडेल. चूक झाली तर ती नेमकी कुठे झाली हे आपल्या भाषेत सांगणारी ओळ हवी. आणि वेबसाइट सुरू करण्यापूर्वी तिच्या कर्त्याने आमच्यासारख्या एखाद्या गावात येऊन दहा खऱ्या माणसांकडून फॉर्म भरून घ्यावा. चहा आम्ही पाजू.

सध्या आम्ही आठवीच्या मुलांना एक उद्योग देतो. संगणक नाही, साधा कागद. आपल्या गल्लीतल्या सगळ्यांना भरता येईल असा फॉर्म तयार करा. मुले आधी मोबाइलवर पाहिलेल्या तीन चौकटीच काढतात. मग घरोघर जाऊन फॉर्म भरून घेतात, आणि नानीच्या एकाच शब्दाच्या नावापाशी अडतात. राठोड काकांच्या भाषेपाशी अडतात. परत येतात, खोडतात, पुन्हा आखतात. परवा एका मुलीने तिन्ही चौकटी पुसून पानभर एकच लांब रेघ ओढली आणि खाली उर्दूत सूचना लिहिली: पूरा नाम, जैसा आप के घर में लिखा जाता है. आम्ही तिला दहापैकी दहा गुण दिले.