आधी वाटी, मग सुई

मांजराला इंजेक्शन देणं अवघड नाही. हे मी पहिल्यांदाच सांगून टाकते, कारण ज्यांच्या मांजराला नुकतीच शुगर निघालेली असते ती मंडळी याच भीतीनं अर्धी होऊन आमच्या दारात येतात. भोपाळच्या सरकारी दवाखान्यात, मेडिकल वॉर्डात, माणसांना इन्सुलिन टोचण्यात माझी नोकरी गेली. निवृत्त झाले आणि आमच्या गोट्यालाच मधुमेह निघाला. तेव्हापासून कॉलनीत कुणाच्या मांजराचं असं काही कळलं की लोक त्यांना माझ्याकडे धाडतात. टोचायला माणूस दोन-चार वेळांत शिकतो. भरलेली सुई न टोचता परत खाली ठेवायला शिकणं, त्याला मात्र वेळ लागतो.

गोट्या म्हणजे सहा किलोंचा, नसबंदी केलेला, सोफा न सोडणारा बोका. हा आजार बहुधा अशांनाच गाठतो: मधलं वय उलटलेले, लठ्ठ, घरबसे, आणि त्यातही बोके जास्त. बहुतेकांच्या अंगात सुरुवातीला इन्सुलिन पुरतं आटलेलं नसतं; शरीर त्याला दाद देत नाही, माणसांच्या टाइप टूसारखंच. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉइड चालू असलं तरी साखर चढते. खाणं वाढतं आणि वजन उतरतं. पाणी जास्त पिणं ही खरी खूण, पण भोपाळच्या मे महिन्यात पाणी कोण जास्त पीत नाही? म्हणून मी पाणी मोजून ठेवायला सांगते. किलोमागे दिवसाला 100 मिलीच्या वर गेलं, तर ते उन्हाचं काम नव्हे. आमच्याकडे चुगली केली ती मुंग्यांनी. बाल्कनीतल्या त्याच्या वाळूच्या ट्रेला मुंग्यांची रांग लागली. लघवीकडे मुंग्या धावतात हे प्रमेहाचं लक्षण चरकसंहितेत लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या घरांत ही तपासणी अजूनही फुकट होते.

आणि पाय. मांजर चवड्यांवर चालतं, टाच जमिनीला लावत नाही. गोट्या जिना उतरताना मागच्या टाचा सपाट टेकवत उतरायला लागला, सशासारखा. साखरेनं नसा दुखावल्या की असं होतं. साखर आटोक्यात आली की हे बरंच सुधारतं, पण महिने लागतात. कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू फार लवकर होतो, मांजरांना क्वचित. तेवढी एक सूट त्यांना मिळालेली आहे.

निदानाच्या वेळी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही 300 च्या आसपास जाऊ शकते. ऑटोरिक्षातून जहांगीराबादच्या जनावरांच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, तिथे शेजारी भुंकणारी कुत्री, पलीकडे हंबरणारी गाय. अशा ठिकाणी निघालेल्या एका आकड्यावर आयुष्यभराची सुई सुरू करू नये. मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगणारी फ्रुक्टोसामीनची तपासणी असते. शिवाय घरी शांतपणे केलेल्या लघवीत साखर दिसते का, तेही बघता येतं.

मग औषधाचं दुकान. जुन्या भोपाळात आमचा नेहमीचा केमिस्ट आहे. "को खां, शुगर किसको है?" त्यानं सवयीनं आमच्या ह्यांना विचारलं. "बिल्ले को," ह्यांनी सांगितलं. दुकानातलं सगळं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. पण खरा धोका त्या काउंटरवरच असतो. आपल्याकडे साध्या इन्सुलिनच्या बाटल्या एका मिलीला 40 युनिटच्या मिळतात आणि त्यांच्या सिरिंजची टोपी लाल असते. मांजरांना बहुधा देतात ते ग्लार्जिन 100 युनिटचं, त्याच्या सिरिंजची टोपी केशरी. 100 चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका युनिटच्या रेघेपर्यंत ओढलं, तर जातात अडीच युनिट. चार-पाच किलोंच्या मांजराची सुरुवातच मुळी साधारण एका युनिटनं, दिवसातून दोनदा, होते. 100 च्या औषधातलं एक युनिट म्हणजे मिलीचा शंभरावा भाग; ड्रॉपरमधून पडणारा साधा थेंब याच्या पाचपट भरतो. म्हणून मी प्रत्येकाला सिरिंज आणि बाटली शेजारी शेजारी ठेवून मोठ्यानं वाचायला लावते. अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली 0.3 मिलीची सिरिंज मिळाली तर तीच घ्यावी.

टोचायचं ते असं. मांजर आपल्याकडे पाठ करून, खाण्याच्या वाटीपाशी. मानेमागच्या कातड्यापेक्षा बरगडीच्या बाजूची जागा बरी, आणि रोज थोडी बदलायची. चिमटीत कातडं उचललं की खाली छोटासा तंबू होतो. सुई त्याच्या पायथ्याशी, जवळजवळ आडवी. आरपार गेली की केस ओले होतात. टोचून झाल्यावर बोट फिरवून केस हुंगायचे; इन्सुलिनला फिनाईलसारखा उग्र वास असतो, तो लगेच कळतो. केस ओले लागले तर पुन्हा टोचायचं नाही. अर्धं आत गेलं की सगळं बाहेर पडलं, हे कुणालाच सांगता येत नाही. तो डोस सोडायचा आणि बारा तासांनी पुढचा.

लोकांच्या गळी हे उतरत नाही. "आंटी, साखर वाढेल ना?" वाढेल, वाढू दे. बाकी तब्येत बरी असेल तर वाढलेली साखर एका दिवसात मांजराचा घात करत नाही. पडलेली साखर तासाभरात करते. वॉर्डातला पेशंट निदान सांगतो की सिस्टर, हातपाय कापतायत, घाम फुटलाय. मांजर सांगत नाही. ते कपाटाखाली जाऊन बसतं, चालताना झोकांड्या खातं, नजर हरवते, मग झटके येतात. अशा वेळी हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं पाणी चोळायचं, झटक्यात असेल तर तोंडात काही ओतायचं नाही, आणि दवाखाना गाठायचा.

म्हणून माझा एकच हट्ट असतो: आधी वाटी, मग सुई. वाटीतलं किती गेलं, ते बघायचं. नुसतं हुंगून निघून गेला का? उलटी झाली का? पाणी रोजच्या मानानं किती प्यायला? कान कोमट करून कडेच्या बारीक शिरेपाशी टोचलं की ग्लुकोमीटरला पुरेल एवढं रक्त येतं. मागे कापूस धरावा, नाहीतर आपलंच बोट टोचलं जातं. माणसांचं मीटर मांजराची साखर खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण मांजराच्या रक्तात जवळजवळ सगळी साखर पेशींबाहेरच्या द्रवात असते. ही चूक निदान सावध बाजूची असते. एवढं सगळं बघून शंका उरली, तर सुई खाली.

आहाराचं प्रकरण आमच्या घरात भलतंच रंगलं. सासूबाईंच्या काळापासून आमच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा आलेलं नव्हतं. गोट्या वाढला तो दूध-पोळीवर आणि पुढे कोरड्या दाण्यांवर. मांजर मुळात निव्वळ मांसाहारी; उंदीर-पाखरांत पिष्ट जवळपास नसतंच, आणि ते आलं तर झटपट पचवून साखर आवरण्याची त्याच्या यकृतातली सोयही दुबळी. डॉक्टरांनी दूध-पोळी बंद केली. आता आमचे हे, ज्यांनी उभ्या जन्मात मटणाच्या दुकानासमोरून जाताना नाकाला रुमाल लावला, ते बाल्कनीत इंडक्शनवर चिकन उकडतात, मीठ-मसाला-कांद्याशिवाय. नुसत्या उकडलेल्या चिकनवर मांजर कायम ठेवता येत नाही, कॅल्शियम आणि टॉरिन कमी पडतं; म्हणून जोडीला कमी पिष्टाचं ओलं खाणं असतं. पण खाणं बदलणं हेही एक औषधच. पोळी बंद झाल्यावर साखर आपोआप उतरते, आणि इन्सुलिन जुनंच राहिलं तर तेच जास्त होतं. अन्न बदलायचं ते डॉक्टरांना सांगून, साखर तपासत.

कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, आजोबांच्या मेटफॉर्मिनची अर्धी गोळी, हे सगळे सल्ले येतात. मी ऐकून घेते आणि चहा देते. अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला मंजुरी मिळाली; पण आधी इन्सुलिन चालू असलेल्या मांजरांसाठी ती नाही, आणि शरीर साखरेऐवजी चरबी जाळू लागलं की रक्तात साचणाऱ्या कीटोन आम्लांचं संकट तिच्यातही आहेच.

इन्सुलिन फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, फ्रीझरपासून लांब. आमच्याकडे मे महिन्यात वीज जाते ती दुपारच्याच मुहूर्तावर, म्हणून बाल्कनीत एक मातीचा माठ भरलेला असतो. बाटली डब्यात घालून त्यात तरंगत ठेवली की बाहेर 43 असलं तरी दोन-चार तास निभावतात.

लवकर इन्सुलिन आणि कमी पिष्टाचं खाणं मिळालं तर काही मांजरांची सुई पूर्ण सुटते. गोट्याची सुटलेली नाही, डोस मात्र अर्ध्यावर आला. डोस कमी करायचा हे मान्य करायला लोकांना फार जड जातं. वाढवायला सगळे एका पायावर तयार असतात, तेही रोज. खरं तर वाढवायचा असला तरी थोडा वाढवून आठवडाभर थांबावं लागतं.

भाचीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलीला तयार केलं. फ्रिजवर कागद लावला. त्यात सुई कशी द्यायची याच्या दोन ओळी होत्या, आणि कधी द्यायची नाही याचं अख्खं पान. हळदीच्या संध्याकाळी तिचा फोन आला. "आंटी, गोट्यानं उलटी केलीय, खाणं पण हुंगून सोडलं. मैंने इंजेक्शन नहीं दिया. डॉक्टर को फोन करूं?"

"आत्ताच कर," मी म्हटलं, "आणि कीटोनची पट्टी वरच्या खणात आहे, तीही बघून ठेव, ते विचारतील."