काष्ठौषधींच्या पेठेंत

पुण्याच्या मंडईचा अष्टकोनी मनोरा ज्यानें पाहिला नाहीं असा पुणेकर विरळा. १८८६ सालीं ही इमारत उघडली तेव्हां तिला रेसाहेब गव्हर्नरांचें नांव होतें. आज ती महात्मा फुले मंडई आहे. भाजीच्या पिशव्या जड झाल्या कीं बहुतेक मंडळी तेथूनच माघारी फिरतात. परंतु तुळशीबाग ओलांडून रविवार पेठेच्या अंगाला शिरावें, म्हणजे बांगड्याभांड्यांचा गलबला मागें पडतो आणि वाळा, वेखंड, नागरमोथा यांचा संमिश्र दरवळ नाकाशीं येऊं लागतो. हीं काष्ठौषधींचीं दुकानें. दिवाळीच्या आधीं उटण्याच्या सामानासाठीं येथें पाय ठेवण्यास जागा नसते. म्हणून आम्हीं मुद्दाम माघांतील एक रिकामी दुपार निवडली.

आम्ही म्हणजे दोघी जावा आणि आत्याबाई. जाण्याचें कारण थोरल्या जाऊबाईंचा चेहरा. पंचेचाळिशी उलटल्यावर गालांची त्वचा सैल पडूं लागली, ही चिंता त्यांच्या मनानें घेतली होती. गेल्या चैत्रांत कोणीसें सांगितलें म्हणून लिंबाच्या रसांत खाण्याचा सोडा कालवून त्यांनीं तो तोंडास चोळला आणि तशाच गच्चीवर पापड वाळत घालण्यास गेल्या. रात्रीं चेहऱ्याची आग झाली, मग फोड आले, आणि फोड गेल्यावर काळसर डाग मागें राहिले. लिंबांतील कांहीं द्रव्यें अंगावर असतां ऊन लागलें तर त्वचा भाजते, असें डॉक्टरांनीं समजावून सांगितलें. श्रावणांत घरीं मंगळागौर असतांना जाऊबाई माजघराबाहेर आल्या नाहींत. तेव्हांपासून आत्याबाईंच्या मनानें घेतलें कीं, आपले हातपाय चालत आहेत तोंवर सुनांना लेपाचें सामान ओळखावयास शिकवावें. त्यांचें वय एक्याऐंशी. नजर मंदावली आहे. पण नाक अद्याप शाबूत आहे.

दुकानदारानें तयार चूर्णाची पिशवी पुढें केली. आत्याबाईंनीं ती परत सारली. "दळलेल्याचें कुळ कुणास ठाऊक? आम्हांला अख्खें दाखवा." मग एकेक जिन्नस बाहेर आला. कपूरकचरीच्या चकत्या आंत पांढऱ्या व कडेस तांबूस असाव्या आणि मोडतांच कापरासारखा वास यावा. आंबेहळदीला कच्च्या कैरीचा वास नसेल तर ती घेऊं नये. ज्येष्ठमधाची काडी दांतांखालीं धरून पाहावी. गोडी लागली पाहिजे आणि आंतला गाभा पिवळा दिसला पाहिजे. नागरमोथ्याच्या गांठी कागदावर आपटल्या कीं भुकटी पडली, तर आंत कीड आहे असें समजावें. लोध्राची साल तर आम्हीं प्रथमच हातांत घेतली. मेघदूतांतील अलकेच्या स्त्रिया लोध्रफुलांचे पराग तोंडास लावीत. आपल्या वांट्यास फुलें नाहींत, साल आहे! ती चवीला तुरट असते, आणि त्या तुरटपणामुळें त्वचा घडीभर आवळल्यासारखी होते.

घडीभर, हा शब्द आम्हीं जाणून लिहीत आहों. त्वचेचा घट्टपणा आंतल्या थरांतील सूक्ष्म तंतूंवर अवलंबून असतो. वयानें ते विरळ होतात आणि उन्हानें तर फार लवकर झिजतात. वरून लावलेला कोणताहि पाला ते पुन्हा विणून देत नाहीं. बाजारांत दिसणारें आश्वासन व आरशांत दिसणारा परिणाम यांत अंतर पडतें तें याचमुळें. लेपानें वरचा थर स्वच्छ होतो, ओलावा टिकतो आणि चेहरा टवटवीत दिसतो. एवढें मिळत असेल तर आम्हांस तें थोडें वाटत नाहीं.

मौज अशी कीं, लेप कसा लावावा हें वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानांत आपल्यापेक्षां अधिक नेमकें सांगून ठेवलें आहे. लेपाची जाडी पाव, तृतीयांश किंवा अर्धें अंगुळ, तो ओला आहे तोंवरच ठेवावा, कारण सुकलेला लेप कांति बिघडवितो, काढण्यापूर्वीं भिजवावा, मग तेल लावावें. आजकाल लेप तडकेपर्यंत ठेवतात आणि चेहरा ताणला गेला म्हणजे गुण आला असें मानतात. तो ताण केवळ पाणी उडून गेल्याचा असतो! पडसें, अजीर्ण किंवा जागरण झालें असतां लेप लावूं नये, असेंहि त्यानें सांगितलें आहे. लेप असतां दिवसा झोंप, बोलणें, विस्तव, ऊन, शोक आणि राग वर्ज्य. पंधरा माणसांच्या घरांत पाव तास न बोलतां व न रागावतां बसावयास मिळालें, तर कपाळावरच्या निम्म्या आठ्या लेपावांचूनच उतरतील, असें आम्हांस वाटतें.

घरीं आल्यावर सामान सावलींत वाळवून, कुटून, वस्त्रगाळ केलें. मसुरीचें पीठ चार चमचे, ज्येष्ठमध दोन, लोध्र एक, कपूरकचरी व आंबेहळद अर्धा-अर्धा, हें आत्याबाईंचें प्रमाण. नागरमोथा त्यांनीं अंगाच्या उटण्यासाठीं वेगळा ठेवला. कालविण्यास दूध, किंवा कोरफडीचा गर. कोरफडीचें पान कापल्यावर प्रथम पिवळा चीक गळून जाऊं द्यावा व गर धुवून घ्यावा, नाहीं तर खाज सुटते. तेवढाच लेप त्याच दिवशीं करावा. ओला लेप दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नये.

जाऊबाई तोंडास हात लावूं देईनात. आत्याबाईंनीं आग्रह केला नाहीं. त्यांच्या मनगटाच्या आंतल्या बाजूस बोटभर लेप लावला, धुतला आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत थांबावयास सांगितलें. मनगट स्वच्छ राहिलें. तिसऱ्या दिवशीं दुपारीं माजघराचें दार लोटून जाऊबाई पाटावर बसल्या, आणि आत्याबाईंनीं चांचपत त्यांच्या गालांवर लेप पसरला. दर थोड्या वेळानें ओल्या फडक्यानें त्या तो टिपून घेत होत्या. डागांपाशीं त्यांचें बोट फार हलकें होत असे. जाऊबाईंनीं डोळे मिटून घेतले होते व नियमाप्रमाणें त्या अवाक्षर बोलल्या नाहींत.

चाळणीवर राहिलेला चोथा फेकावयाचा नसतो. त्याची आत्याबाईंनीं फडक्यांत पुरचुंडी बांधली आणि मुलांच्या स्नानाच्या ऊन पाण्यांत टाकण्यासाठीं न्हाणीघराच्या खुंटीस अडकवून ठेवली.